खाली केलेली जुनी मारुती ८०० : अलाइनमेंट पुन्हा पुन्हा बिघडतं, टायर आतून खातात, गाडी ओढते. कुठून तपासायचं?

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. १२ इंची डिस्क (मूळ लोखंडी रिम) काढून १३ इंची अलॉय बसवलेले, स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली केलेली. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून आणलं की आठ-पंधरा दिवस गाडी बरी चालते, मग स्टिअरिंग पुन्हा वाकडं. परत अलाइनमेंट, परत तेच. दोन-तीन फेऱ्यांनंतर मालक म्हणतो मशीन खराब आहे, मशीनवाला म्हणतो गाडी खराब आहे.

बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. चाकाला जिथे प्ले (ढिलाई) आहे तिथे कितीही अचूक आकडा लावला तरी पहिल्या खड्ड्यात तो हलणार. अलाइनमेंट हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे आणि आपल्याकडे ते पहिलं म्हणून केलं जातं, सगळा घोळ तिथे आहे. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या कामाकडे जातो. मधली पायरी गाळू नका, कारण पुढच्या प्रत्येक पायरीचं माप आधीची पायरी ठीक आहे असं धरूनच घेतलेलं असतं.

हे मुख्यतः ८०० साठी आहे. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या जुन्या झेन, एस्टीमलाही बराचसा भाग लागू पडतो. जीप, जिप्सी वेगळ्या, त्यांच्या पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे असतात. त्यांना यातलं हवा, टायर आणि प्ले एवढंच घ्या.

लक्षणं आणि त्यांचा अर्थ

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं पण गाडी सरळ चालते: दोन्ही टाय रॉडची (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) लांबी असमान आहे किंवा मागचा ॲक्सल तिरका बसलाय. फक्त टो (वरून पाहता चाकांची पुढची कड आत वळलेली म्हणजे टो-इन, बाहेर वळलेली म्हणजे टो-आउट) बिघडल्याने गाडी सतत एका बाजूला ओढत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

हात सैल केला की ओढते: हवा, टायर, अडकलेला ब्रेक, किंवा डाव्या-उजव्या कॅम्बर-कास्टरमधला फरक. कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर झुकाव, कास्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा पुढे-मागे कल. ज्या बाजूचं चाक वरून जास्त बाहेर झुकलंय त्या बाजूला, आणि ज्या बाजूचा कास्टर कमी त्या बाजूला गाडी जाते.

फक्त ब्रेक मारल्यावर ओढते: कॅलिपर (डिस्क ब्रेकची पकड), किंवा पुढच्या स्टॅबिलायझर बारचे बुश (सांध्यातलं रबर). ८०० मध्ये दुसरं कारण फार सापडतं, पुढे सविस्तर येईल.

खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून जाताना स्टिअरिंग न हलवता गाडी दिशा बदलते: बंप स्टिअर. गाडी जास्त खाली केल्याचा हा थेट परिणाम.

७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, त्याच्या खाली-वर कमी होतं: हे बॅलन्सिंग किंवा वाकडी रिम. अलाइनमेंटने थरथर येत नाही आणि जातही नाही.

वळल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, किंवा डावीकडे वळून आल्यावर डावीकडे आणि उजवीकडून आल्यावर उजवीकडे ओढत राहते: स्ट्रटचं वरचं माउंटिंग जाम झालंय.

एक गोष्ट बिघाडात मोजू नका. आपल्या रस्त्यांना पाणी वाहून जावं म्हणून कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालतो. त्यामुळे हात सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकली तर ते साहजिक आहे. सपाट रस्त्यावर चटकन डावीकडे गेली, किंवा उतार डावीकडे असूनही उजवीकडे ओढली, तर शोध सुरू करा.

चिखल, हवा, टायर

पावसाळ्यात पहिलं काम, रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या रिममध्ये काळी माती बसते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. एका जागी चिकटलेला असा गोळा चाकाचं बॅलन्स पूर्ण घालवतो. परभणी-हिंगोलीकडे जून ते सप्टेंबर ‘अलाइनमेंट गेलं’ म्हणून येणाऱ्या थरथरीत ही माती ठरलेली असते. पाण्याचा जोरदार फवारा आणि लाकडी पट्टी, बास.

हवा सकाळी, गाडी उभी असताना तपासा. तापमान १० अंशांनी वाढलं की टायरमध्ये साधारण दीड पीएसआय हवा वाढते. मे महिन्यात भर दुपारी, चालून आलेल्या टायरला हवा भरली तर तो आकडा फसवा. एका बाजूला ऊन, दुसरीला सावली असली तरी फरक पडतो. पुढच्या दोन टायरमधला फरक १ पीएसआयच्या आत ठेवा. १३ इंची टायरला ८०० च्या वजनावर थंड असताना २८ ते ३० पुरते. ३५ भरून गाडी हलकी पळते खरी, पण टायर मधोमध झिजतो आणि गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते.

आता टायर वाचायचा. गाडी जॅकवर घेऊन पुढचं चाक वळवा आणि तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरबरीत लागलं तर टो बिघडलाय. बाहेरून आत जाताना बोटं धारेला अडली तर धारा बाहेर वळलेल्या आहेत, म्हणजे टो-आउट. आतून बाहेर येताना अडली तर टो-इन. एकच कड गुळगुळीत झिजली असेल आणि धार नसेल तर कॅम्बर. ठरावीक अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअप संपलाय. हातानं कळलेली ही गोष्ट मशीनच्या कागदापेक्षा विश्वासाची, कारण टायरने शेकडो किलोमीटर चालून ती नोंदवलेली आहे. मशीन उभ्या गाडीचं एक क्षणाचं माप घेतं.

टो इतका महत्त्वाचा का, याचा हिशेब सोपा आहे. एकूण टो १ अंशाने चुकला, म्हणजे प्रत्येक चाक अर्धा अंश तिरकं, तर दर किलोमीटरला प्रत्येक टायर सुमारे पावणेनऊ मीटर आडवा घासला जातो. कॅम्बर १ अंशाने चुकला तर झीज होते पण सावकाश. टायर चार-पाच हजार किलोमीटरमध्ये आतून तारेपर्यंत गेला असेल तर कॅम्बरला दोष देण्याआधी टो बघा.

ओढत असेल तर पुढची दोन्ही चाकं आपसात बदला. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे आणि इथेच काम संपलं. बाणाची खूण असलेले एकाच दिशेचे टायर मात्र असे बदलू नका. पुढे दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर असतील तर बाकी काही तपासू नका, आधी जोडी जुळवा.

ब्रेक अडकलाय का तेही आताच कळतं. ब्रेक फार न वापरता दहा किलोमीटर चालवून आणा आणि दोन्ही पुढच्या डिस्क ब्रेकजवळ हात नेऊन उष्णता बघा, हात लावू नका. एक बाजू स्पष्ट जास्त तापली असेल तर कॅलिपरची पिन धुळीने जाम झालेली असते.

अलॉय आणि मापं

८०० ला १४५/७० आर१२ टायर येतो, त्याचा व्यास सुमारे ५०८ मिमी. १५५/६५ आर१३ बसवला की ५३२, म्हणजे पावणेपाच टक्के जास्त. १५५/७० आर१३ घेतला तर ५४७, जवळजवळ आठ टक्के. या शेवटच्याने स्पीडोमीटर कमी दाखवतो, चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासतं, आणि खाली केलेल्या गाडीत ते घासणं रोजचं होतं.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ऑफसेट, रिमचा मध्य आणि रिमची गाडीवर टेकणारी बाजू यांतलं अंतर. रिमवर ‘ईटी’ आणि आकडा कोरलेला असतो. हा आकडा मूळ डिस्कपेक्षा कमी असेल तर चाक तितकं बाहेर सरकतं. चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष आणि टायरचा मध्य यांतलं अंतर वाढतं आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का सरळ स्टिअरिंगमध्ये येतो. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यांना ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पडतात. रुंद टायर आणि बाहेर आलेलं चाक घेऊन त्या रस्त्यावर गेलात की गाडी चाकोरी धरून डावी-उजवीकडे खेचते. हा अलाइनमेंटचा दोष नाही आणि कुठल्याही पान्याने जाणार नाही. स्पेसर लावलेले असतील तर काढून एकदा चालवून बघा.

अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) मोठं असतं, तिथे प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियमची रिंग लागते. रिंग नसेल तर चाक मध्यावर बसत नाही आणि बॅलन्सिंग करूनही थरथर राहते. नट अलॉयच्या बैठकीला जुळणारेच हवेत. चाक खोलून बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरने नट पुन्हा तपासा.

रिम वाकडी आहे का बघायला चाक उचलून फिरवा आणि जवळ एक खिळा स्थिर धरा. कड १ मिमीपेक्षा जास्त आत-बाहेर झाली तर ही रिम मागे टाका आणि पुढे चांगली घ्या. वाकड्या रिमवर घेतलेलं टो-कॅम्बरचं प्रत्येक माप खोटं.

गाडीची उंची

सपाट जागेवर, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं अंतर लिहून ठेवा. पुढच्या डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर अलाइनमेंट करू नका, आधी स्प्रिंग बघा.

कापलेली स्प्रिंग हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा खलनायक. ग्राइंडरने वेढा कापला की उरलेली स्प्रिंग कडक होते, आणि गाडी उचलल्यावर ती बैठकीतून सैल पडते. खड्ड्यातून चाक खाली लोंबलं आणि स्प्रिंग बैठकीत फिरून बसली की उंची बदलली, उंचीबरोबर टो बदलला. गॅसने कापली असेल तर उष्णतेने पोलादाचा ताव गेलेला असतो, ती काही महिन्यांत बसत जाते, तीही दोन्ही बाजूंना सारखी नाही. कापलेली स्प्रिंग ठेवून अलाइनमेंट टिकेल अशी आशा धरू नका. स्प्रिंग जोडीने बदला. एक नवी, एक जुनी असं कधीच नाही.

खाली वाकून लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) बघा. मूळ उंचीला तो आतून बाहेर जाताना किंचित खाली उतरतो. गाडी खाली केल्यावर तो आडवा झाला असेल तर चालेल. बाहेरचं टोक वर चढलं असेल तर गाडी मर्यादेपलीकडे खाली आहे: वळणात कॅम्बर उलट बिघडणार, टाय रॉडचा कोन आर्मशी जुळणार नाही, आणि बंप स्टिअर हटणार नाही. २५-३० मिमीपर्यंत खाली केलेल्या ८०० चं अलाइनमेंट व्यवस्थित टिकतं. त्यापुढे मंजरसुंब्याचा घाट आणि आपले गतिरोधक दोन्ही अवघड.

प्ले शोधणे

हॅंडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढून जॅकने उचलून गाडी जॅक-स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाक वर-खाली, म्हणजे १२ आणि ६ वाजता धरून हलवा. मग ९ आणि ३ वाजता. दोन्हीकडे सारखा प्ले असेल तर बेअरिंगचा संशय. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर बेअरिंगच. तरी राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रट. फक्त ९-३ ला प्ले असेल तर टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅकचा बुश (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दांडा). यांतलं नेमकं कोणतं ते असं कळतं: गाडी चाकांवर खाली घ्या, एकाने इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवायची. ज्या सांध्यात एक बाजू हलते आणि दुसरी मागे राहते तो गेलेला. रॅकचं अख्खं घर सरकत असेल तर त्याचे क्लॅम्प आणि रबर बघा. जुन्या गाडीत हे रबर तेलाने भिजून मऊ झालेलं असतं, आणि अलाइनमेंट ‘आपोआप’ बदलण्याचं ते एक छुपं कारण आहे.

बॉल जॉइंटला चाकाखाली पहार घालून हलका वर-खाली रेटा. ‘टक’ असा आवाज आला किंवा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलेलं असेल तर बदला. थांबण्यात अर्थ नाही. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं पडतं.

बुश, आणि ८०० ची खास भानगड

इतर अनेक गाड्यांत स्टॅबिलायझर बार फक्त गाडीचा कल रोखतो. ८०० मध्ये तो त्यासोबत लोअर आर्मला पुढे-मागे धरूनही ठेवतो, म्हणजे कास्टर याच बारच्या आणि त्याच्या बुशच्या भरवशावर आहे. बार आर्ममधून आरपार जातो, दोन्ही बाजूंना रबर आणि वायसर असतात. रबर दबलं किंवा फाटलं की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं. एक बाजू जास्त सरकली की गाडी त्या बाजूला ओढते. मशीनवर उभ्या गाडीचा टो बरोबर दिसतो आणि रस्त्यावर प्रत्येक ब्रेकला बदलतो, त्यामुळे मशीनवाल्यालाही काही सापडत नाही.

तपासायला गाडी जमिनीवर ठेवून एकाने क्लच सोडत पुढे-मागे अगदी थोडी हालचाल करायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून चाक मडगार्डच्या कमानीत मागे-पुढे किती सरकतं ते बघायचं. गाडीच्या समोर कुणी उभं राहू नये. दोन्ही बाजूंना चाकाच्या मागच्या कडेपासून कमानीपर्यंतचं अंतर मोजलं की कोणती बाजू मागे गेली ते दिसतं.

रबराचेच बुश घाला, चारही एकदम. वाळूज किंवा लातूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाला नायलॉनचे बुश कातून देईल, टिकाऊ म्हणून गळ्यातही मारेल. या बारला घालू नका. आर्म वर-खाली होताना बारच्या टोकाला किंचित झुकावं लागतं, रबर ते झुकू देतं. नायलॉन ते अडवतं, मग ताण बारच्या आट्यांपाशी येतो आणि बार तिथे तुटतो. बार तुटला की त्या बाजूचं चाक पुढे-मागे धरायला काहीच उरत नाही.

आता बसवताना होणारी चूक, आणि ही चूक खाली केलेल्या गाडीत हमखास होते. लोअर आर्मच्या आतल्या बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबत असताना पूर्ण आवळला जातो. त्या वेळी आर्म खाली झुकलेला असतो आणि रबर त्याच कोनात पक्कं होतं. गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं, आणि तोवर गाडीची उंचीही थोडी चुकीची राहते. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-तीन वेळा दाबून सोडा, मग आवळा. स्प्रिंग बदलून गाडी खाली केली तेव्हा हे बोल्ट सैल करून नव्या उंचीला पुन्हा आवळले होते का? नसतील तर जुने बुश पिळलेलेच आहेत.

स्ट्रटचं माउंटिंग

बॉनेट उघडा, एकाने उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं आणि तुम्ही स्ट्रटच्या वरच्या कपावर हात ठेवा. गुळगुळीत फिरायला हवं. ‘टण’ करून स्प्रिंग उडी मारत असेल तर वरचं बेअरिंग गेलं. ते बदलायला स्प्रिंग दाबून धरावी लागते, म्हणून हे काम घरी नाही.

मोजमाप: दोरी, ओळंबा, पाण्याची नळी

इथपर्यंत सगळं घट्ट असेल तरच पुढे या.

जागा सपाट हवी. शहाबादी फरशीचा व्हरांडाही दिसतो तितका सपाट नसतो. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी घेऊन चारही चाकांच्या जागा तपासा आणि कमी जागेखाली पत्र्याचे तुकडे घाला. डाव्या-उजव्यात ५ मिमी फरक राहिला तर कॅम्बरच्या मापात जवळपास पाव अंशाची चूक येते. ड्रायव्हरच्या सीटवर सोयाबीनचा एक कट्टा ठेवा, टाकी अर्धी ठेवा, हवा बरोबर करा. पुढच्या प्रत्येक चाकाखाली खताच्या दोन रिकाम्या पिशव्या, मध्ये ग्रीसचा हात फिरवून. म्हणजे टायर जमिनीला चिकटून न राहता मोकळा सरकतो. गाडी दोन-तीन मीटर पुढे ढकलत पिशव्यांवर आणा. मागे ढकलून आणू नका, बुश उलट दाबले जातात आणि टो वेगळा दिसतो.

स्टिअरिंग मध्यावर आणा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा, निम्मे मागे या. तिथेच बांधून ठेवा.

दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर नायलॉनची दोरी ताणा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी सारखी नसते, म्हणून पुढचं-मागचं अंतर सारखं करायला जाऊ नका. पुढच्या हबपासून दोरी डावीकडे-उजवीकडे सारखी, मागच्या हबपासूनही डावीकडे-उजवीकडे सारखी, आणि दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढच्या बंपरपाशी व मागच्या बंपरपाशी एकच. हे तीनही जमले की दोऱ्या समांतर झाल्या.

आता पुढच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं दोरीपासूनचं अंतर मोजा. पुढची कड दोरीपासून लांब असेल तर टो-इन, जवळ असेल तर टो-आउट. दोन्ही चाकांची बेरीज म्हणजे एकूण टो. रोजच्या वापराच्या ८०० ला १३ इंची रिमच्या कडेवर एकूण ० ते १ मिमी टो-इन ठेवा. १३ इंची रिमवर १ अंश म्हणजे सुमारे ५.८ मिमी, १ मिमी म्हणजे अंदाजे १० मिनिटं. मशीनचा कागद अंश-मिनिटांत असतो, ताडून बघताना हे लागेल. टायरच्या बाहेरच्या कडेवर मोजलं तर हे गणित बदलतं, म्हणून मोजायची जागा एकच ठेवा.

मागच्या चाकांचंही असंच मोजा. एकाचा टो-इन आणि दुसऱ्याचा तितकाच टो-आउट आला तर मागचा ॲक्सल तिरका आहे आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. तो सरळ केल्याशिवाय पुढे स्टिअरिंग मध्यावर राहणार नाही.

कॅम्बरला ओळंबा. चाकाबाहेर, टायरच्या फुगीर भागापासून २-३ सेंमी लांब, रिमच्या मध्यावरून जाईल असा सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. वरची कड जास्त लांब असेल तर चाक वरून आत झुकलंय, म्हणजे निगेटिव्ह. इथेही ५.८ मिमी म्हणजे १ अंश. ० ते उणे १ अंश ठीक, पण डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. दिसायला म्हणून उणे ३ करणाऱ्यांनी टायरचा खर्च मनात धरूनच करावं.

लावणे: कास्टर, कॅम्बर, मग टो

क्रम उलटा केला तर काम दोनदा. कास्टर आणि कॅम्बर हलवले की टो हलतोच.

८०० ला कॅम्बरची सोय मूळात नाही. स्ट्रट नकलला (हब धरणारा भाग) दोन बोल्टने जोडलेला असतो. त्यातला एक, बहुधा वरचा, काढून त्या जागी विक्षिप्त (मध्य एका बाजूला सरकलेला) कॅम्बर बोल्ट घालता येतो आणि साधारण दीड अंशापर्यंत फरक करता येतो. मूळ बोल्टची जाडी व्हर्नियरने मोजूनच घ्या. दोन्ही भोकांत घालू नका, आणि भोक कानशीने लांबवू नका. लांबवलेलं भोक रस्त्यावर सरकतं आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर येता.

टो: आधी टाय रॉडच्या आट्यांना गंजतेल लावून रात्रभर ठेवा. चेकनट सैल करताना टाय रॉड एंड दुसऱ्या पान्याने धरा. रॅकच्या रबरी बूटची बाहेरची क्लिप सैल करा, नाही तर रॉड फिरवताना बूट पिळतो, फाटतो आणि धूळ रॅकमध्ये जाते. टाय रॉड ॲक्सलच्या मागे जोडलेला असेल तर रॉड लांब केल्यावर टो-इन वाढतो, पुढे जोडलेला असेल तर उलट. दोन्ही बाजू सारख्या फिरवा, एका वेळी पाव फेरा. आटे १.२५ मिमीचे आणि स्टिअरिंग आर्म १२० मिमीचा धरला तर पाव फेऱ्याने त्या चाकाच्या रिमच्या कडेवर सुमारे ०.९ मिमी फरक पडतो. म्हणून अख्खा फेरा फिरवणारा माणूस टो लावत नसतो, शोधत असतो. प्रत्येक बदलानंतर गाडी मागे नेऊन पुन्हा पुढे ढकलून आणा, मग मोजा.

दोन्ही बाजूंचे उघडे आटे मोजा. तीन-चार आट्यांपेक्षा जास्त फरक असेल तर रॅक मध्यावर नाही किंवा काहीतरी वाकलंय. स्टिअरिंग व्हील काढून एक दाता पुढे-मागे बसवून सरळ करणं हा शॉर्टकट आहे. त्याने व्हील सरळ दिसतं पण एका बाजूला गाडी कमी वळते.

शेवटी बंप स्टिअर. पुढून बॉडी ३० मिमी उचलून टो मोजा, मग पुढे दोन माणसं बसवून मोजा. एकूण टो ३ मिमीपेक्षा जास्त हलला तर टाय रॉड लावून काही होणार नाही. गाडी थोडी वर घ्या.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

स्ट्रटमधून स्प्रिंग काढायची वेळ आली तर थांबा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. दोरीने, तारेने बांधून ती काढणारेही आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

नकल, लोअर आर्म, टाय रॉड यांतलं काहीही वाकलेलं दिसलं तर तो भाग बदला. गॅसने तापवून सरळ करणं, वेल्डिंग मारणं, हे स्टिअरिंगच्या आणि सस्पेन्शनच्या भागांना चालत नाही, कुणी कितीही ‘पक्कं करून देतो’ म्हणालं तरी.

सगळे सांधे घट्ट असूनही कॅम्बर जुळत नसेल तर मशीनवाल्याकडून किंगपिनचा कोन (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा समोरून दिसणारा झुकाव) वाचून घ्या, कागदावर तो केपीआय किंवा एसएआय म्हणून येतो. दोन्ही बाजूंचा केपीआय सारखा आणि कॅम्बर वेगळा असेल तर नकल किंवा स्ट्रट वाकलाय. केपीआय वेगळा पण कॅम्बर आणि केपीआयची बेरीज दोन्हीकडे सारखी असेल तर स्ट्रटचा टॉवर सरकलाय किंवा लोअर आर्म वाकलाय. टॉवर सरकला असेल, किंवा तिथे गंज लागून पत्रा फुलला असेल, तर ते काम चासी खेचण्याचं मशीन असलेल्या डेंटरचं. १५ वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी वाढवताना तपासणी होते, तिथेही असा टॉवर अडतो.

मशीनवर नेताना तीन गोष्टी सांगा: रिमचं रनआउट (फिरतानाचं आत-बाहेर होणं) भरून काढल्याशिवाय माप घेऊ नका, काम सुरू करण्याआधीचं आणि नंतरचं असे दोन्ही कागद द्या, आणि ‘८००’ निवडून सगळं हिरवं झालं की थांबू नका. मशीनमधली हद्द मूळ उंचीची आणि १२ इंची चाकाची असते. खाली केलेल्या गाडीत कॅम्बर लाल दिसला तरी डावं-उजवं सारखं आणि टो बरोबर असेल तर तो चालतो.

काम झाल्यावर सोलापूर-धुळे महामार्गासारख्या चांगल्या रस्त्यावर ६० आणि ८० ला चालवून बघा, येताना त्याच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने. ५०० किलोमीटरनंतर चेकनट, कॅम्बर बोल्ट आणि बारचे नट पान्याने तपासा, आणि टायरवरून तळहात पुन्हा फिरवा. नवी धार उठली असेल तर ती कुठल्या दिशेची आहे ते बघून पाव फेरा तिकडे.